खरी गोळी, साखरेची गोळी

माझा आजार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. हृदयाचं दुखणं असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा ते सांगू शकतो, लोक हळहळतात. माझं दुखणं संडासाचं. सांगायला लागलं की समोरच्याचा घास हातात राहतो. म्हणून कित्येक दिवस मी "पोटाचं जरा आहे" एवढंच म्हणत आले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीतल्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारी विशीतली एक मुलगी होती. मांडीवर फाइल, फाइलवर माझ्याच आजाराचं नाव. तिने मला विचारलं, "हे बरं होतं ना?" मी "होतं" म्हणाले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी आत गेले. बाहेर येईपर्यंत ती गेली होती. मी तिला खोटं सांगितलं होतं. खरं काय ते इथे लिहिते आहे.

मी सुजाता, वय अडतीस. मांडवीला राहते. नवरा प्रकाश मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घरात सासूबाई आणि आमची मुलगी मनवा. मी सरकारी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि हद्दी दाखवायच्या, हे माझं काम.

सड्यावर

आमच्याकडे सडा म्हणतात ते जांभ्या कातळाचं उघडं पठार. लांबपर्यंत आडोसा नाही. अशाच एका सड्यावर दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. भांडण जुनं. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्यामार्फत बोलत होते.

त्याआधी चार-पाच महिने मला रक्त जात होतं. एकाने आव सांगितली, एकाने मूळव्याध. गोळ्या घेतल्या की आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागायचं. आणि कळ आली की थांबवताच येत नसे. म्हणून मोजणीच्या आदल्या संध्याकाळपासून मी काही खात नव्हते. पाणीही मोजून मापून. त्या दिवशी उपाशी पोटीच कळ आली. मी यंत्र मदतनिसाच्या हातात दिलं आणि उताराकडे चालायला लागले. पळता येईना. वीस-तीस पावलांवर कपड्यातच झालं. सगळे बघत होते. मग कुणीच बघत नव्हतं, आणि ते जास्त लागलं.

थोरल्या भावाची बायको आली. काही न विचारता माझा दंड धरून तिने मला खाली घरी नेलं. मागीलदारी पाणी तापत होतं. तिने बादली भरून दिली आणि आपलं परकर-पोलकं न् रोजचं लुगडं आतून आणून दिलं. मी धुऊन बाहेर आले तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "शेवटल्या बाळंतपणानंतर माका पण धरवत नाय. घरात कुणाला ठाऊक नाय. तू पण माझं सांगू नको, मी तुझं सांगत नाय."

तिचं लुगडं नेसून मी परत सड्यावर गेले आणि मोजणी पुरी केली. दोघा भावांपैकी कुणीही हरकत घेतली नाही. लाजेपोटी असेल.

तिचं आज सांगितलं, पण गावाचं नाव लिहिलेलं नाही.

निदानाचा दिवस

मग रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडं बघायचं ठरवलं. आदल्या दिवशी खारट-आंबट पाणी पिऊन ते रिकामं करावं लागतं. माझं तर बाकी काही उरलेलंच नव्हतं. तपासणी झाली, गुंगी उतरली, डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. संगणकावर माझ्या आतड्याचे फोटो होते. सोललेल्या गुडघ्यासारखं लाल. ते आपल्याच आतलं आहे हे पटेना.

डॉक्टर म्हणाले की जंतू नाहीत, खाण्यातलं काही नाही, तुमची काही चूक नाही. रोगांपासून आपली राखण करणारी जी यंत्रणा शरीरात असते, ती स्वतःच्याच आतड्यावर उलटली आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस. का उलटते, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. जगभर शोध चालू आहे.

मी विचारलं, "कोर्स किती दिवसांचा?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "कोर्स नाही ताई. हा तुमच्यासोबत राहणार. कधी झोपेल, कधी उठेल. आपण जास्तीत जास्त दिवस झोपवून ठेवायचं."

प्रकाशने विचारलं की तेवढा भाग उघडून साफ करता येत नाही का. प्रश्न इंजिनाचा होता. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, वेळ आली तर काढावा लागतो.

स्कूटरवरून घरी येताना बंदराच्या वळणावर गाडी हळू करून तो म्हणाला, "आईला काय सांगायचं?" निदानानंतर माझ्या नवऱ्याचे माझ्याशी पहिले शब्द ते होते. त्याचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला. आता वाटतं, त्याला काहीतरी असं विचारायचं होतं ज्याला उत्तर आहे.

घर

सासूबाईंना आम्ही आतड्याला सूज आहे असं सांगितलं. त्यांनी घरातलं तिखट बंद केलं, मग मासे बंद केले, मग कुळीथसुद्धा. मांडवीत राहून घरात मासे शिजत नाहीत म्हणजे सुतकच. मनवा रुसायची, प्रकाश बाहेर खाऊन यायचा. फरक काही पडला नाही तेव्हा सासूबाईंनी हेदवीच्या दशभुज गणपतीला नवस केला आणि मला घेऊन गेल्या. वाटेत दोनदा एसटी थांबवायला लावली मी. दुसऱ्या वेळी मागून एक बाई म्हणाली, "असं आहे तर निघायचं कशाला?" सासूबाई वळून तिच्याकडे बघत राहिल्या, ती बाई उतरेपर्यंत. देवळात त्यांनी काय मागितलं ते मला सांगितलं नाही.

मग स्टेरॉइड सुरू झालं. रक्त थांबलं. तोंड मात्र सुजून गोल झालं, भूक राक्षसासारखी लागायला लागली आणि राग यायला लागला, कुठून येतो ते कळेना. घरात संडास एक. एका सकाळी मनवा आत होती. मी दार वाजवत होते, ती गाणं म्हणत होती. ती बाहेर आली तेव्हा मला उशीर झाला होता. मी तिच्या कानशिलात मारली. जोरात. सहा वर्षांची होती.

तेव्हापासून ती संडासला जायच्या आधी मला शोधत यायची आणि विचारायची, "आई, तुला हवंय का? मग मी जाऊ?" दर वेळी. मी कितीदा सांगितलं की विचारू नकोस, जा. तरी विचारायची. आता ती दहा वर्षांची आहे. अजून विचारते.

वीस पानं

स्टेरॉइड कमी केलं की रक्त परत, असं दोन वर्षं चाललं. दुसऱ्या गोळ्यांनी यकृत बिघडलं. पुढची इंजेक्शनं आमच्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा डॉक्टर म्हणाले की मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात या आजारावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू होतोय, जायची तयारी आहे का?

घरी पहिल्यांदाच मोठ्याने भांडण झालं. प्रकाशच्या मते तो अभ्यास वगैरे काही नाही, प्रयोग होता. "उंदीर मिळत नाहीत म्हणून आपल्याला बोलावतात," तो म्हणाला. मी म्हणाले, उंदराला कुणी विचारत नाही, मला विचारताहेत. सासूबाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "तू जा गो."

मुंबईत मला नेहा भेटली. अभ्यासाचं सगळं कामकाज बघणारी तरुण मुलगी. तिने मराठीत छापलेली वीस पानं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, घाई नाही, घरी नेऊन वाचा. मी जमिनीचे कागद वाचणारी बाई, तिथेच बसून वाचली. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळणार होती, अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली, नुसती साखरेची. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार. मला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही, नेहालाही नाही. अभ्यास संपेपर्यंत कुणालाच नाही.

मी विचारलं, असं का? ती म्हणाली, हा आजार कधीकधी आपोआपही उतरतो. गोळीने उतरला की आपोआप, हे तुलना केल्याशिवाय कळायचं कसं?

मला ते पटलं. आपल्याबाबतीत पटणं वेगळं असतं हे पुढे कळलं.

त्याच दिवशी बाकावर राजिवड्याची शबाना भेटली. राजिवडा म्हणजे आमच्या मांडवीहून हाकेच्या अंतरावर. तिचा नवरा कुवेतला. वय माझ्याएवढंच. तिने माझ्या पिशवीतून डोकावणारा जादा सलवार-कुर्ता बघितला आणि आपल्या पिशवीची चेन उघडून तिच्यातला दाखवला. एवढ्यावर ओळख झाली. त्या एका गोष्टीबद्दल तोवर मी कुणाशीच बोलले नव्हते, तिच्याशी परतीच्या गाडीत रत्नागिरी येईपर्यंत बोलत होते. दिवसाला किती वेळा, रंग कसा, नवऱ्याला काय सांगतेस. समोरच्या बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला तेव्हा आम्ही दोघी हसलो. त्या वर्षात मी एवढी कधी हसले नव्हते.

वही

आम्हा दोघींना एकेक वही दिली होती. रोज किती वेळा गेलात, रक्त किती, कळ किती. गोळ्यांची डबी नंबरची. रिकामी डबीसुद्धा परत द्यायची. ठरावीक आठवड्यांनी मुंबई, रक्ताच्या नळ्या, आणि दोनदा पुन्हा ती दुर्बीण. आम्ही सकाळच्या गाडीने एकत्र जायचो, शबानाच्या मावशीकडे उतरायचो आणि दुसऱ्या दिवशी परत. मावशीकडेही संडास एकच. पहाटे उठून आम्ही एकमेकींकडे बघायचो, जिला जास्त घाई ती पुढे.

दुसऱ्या महिन्यात शबानाने मला पुढे जायला सांगितलं. पुढल्या खेपेलाही. मग माझ्या लक्षात आलं की तिला घाईच नाही.

तिच्या वहीत रक्ताच्या रकान्यात शून्य यायला लागलं. गालावर रंग आला. तिसऱ्या महिन्यात गाडीत तिने तळलेली सुरमई काढली आणि खाल्ली. मला द्यायला गेली आणि थांबली. म्हणाली, "तू पण बरी होशील गो. तुला गोळी उशिरा लागू पडत असेल."

माझ्या वहीत आकडे वाढत होते. मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं: शबाना खऱ्या गोळीवर आहे, मी साखरेच्या. तेव्हा मला तसंच हवं होतं. मी साखरेवर असेन, तर खरी गोळी अजून घ्यायची शिल्लक आहे. अभ्यास संपला की ती मला मिळेल आणि मी शबानासारखी होईन. मी देवाजवळ हेच मागत होते, की मला आत्ता जे देताहेत ते खोटं असू दे.

शबानाचा मत्सरही वाटत होता. तिने बरं होऊ नये असं नव्हे. तिने माझ्यासमोर बरं होऊ नये, एवढंच.

ऑपरेशन

चौथ्या महिन्यात ताप आला, पोट फुगून दगड झालं. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि ॲम्ब्युलन्स मागवली. मुंबईला पोचल्यावर मला अभ्यासातून काढलं. आठ दिवस शिरेतून औषधं दिली. वॉर्डात सकाळी सहाला दिवे लागायचे, मग रक्त घ्यायला येणारा, मग झाडू, मग चहा जो मला नसायचा, मग पोटाचा घेर मोजायला येणारा डॉक्टर. तो टेप लावायचा, मी आकडा वाचायचे. आयुष्यभर टेप धरण्याची सवय. आकडा कमी होत नव्हता.

नवव्या दिवशी सर्जन बाई बेडवर बसल्या. मोठं आतडं पूर्ण काढायचं, लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढायचं, त्यावर पिशवी लावायची. नाही केलं तर आतडं फुटेल. पिशवी बहुधा कायमची, त्या म्हणाल्या. मी विचारलं, उद्यापर्यंत विचार करू का? त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत करा.

त्या दुपारी नेहा आली. हातात एकच कागद. काढलेल्या आतड्याचे काही तुकडे संशोधनासाठी ठेवू द्याल का, नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. तिचे डोळे लाल होते. प्रकाश उठून उभा राहिला. "साखर चारून आतडं घालवलंत हिचं. अजून काय हवंय?"

नेहा म्हणाली, मला माहीत नाही हो त्यांना काय मिळालं, खरंच माहीत नाही.

मी सही केली. प्रकाश बाहेर निघून गेला. का केली, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. मोठं मन वगैरे नव्हतं. एवढी वर्षं ज्याने माझे हाल केले ते बादलीत टाकून जाळून टाकणार होते. त्यापेक्षा कुणीतरी ते भिंगाखाली धरून नीट बघावं असं वाटलं. माझ्याकडून त्याला तेवढा जाब.

पिशवी

पोटावर उजव्या बाजूला ओल्या ओठासारखा लाल गोळा आहे. तो हलतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मान फिरवली आणि तीन दिवस खाली पाहिलं नाही.

पिशवी बदलायला नर्सने प्रकाशला शिकवलं. तो एका दिवसात शिकला. भोकाचं माप घ्यायचा, पिशवी चिकटते ती चकती कापायचा, कड गरम हाताने दाबून बसवायचा. कधी गळली नाही त्याच्या हातची. तोंड वाकडं व्हायचं नाही. पण बसवून झाली की हात काढून घ्यायचा, टॉवेलला पुसायचा आणि उठायचा. बाकी कुठे त्याचा हात लागला नाही मला. आजही क्वचितच लागतो. तो वाईट माणूस नाही. त्याबद्दल आम्ही बोललेलो नाही.

सासूबाई तीन महिने अलोऱ्याला लेकीकडे जाऊन राहिल्या. तिथल्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत हवा चांगली, असं कारण दिलं. परत आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वासाचं भ्या वाटत होतं. मला माझीच लाज वाटली म्हणून आले नाय." मग मासे आणायला गेल्या.

मनवाला मी पिशवी दाखवली. तिने विचारलं, "म्हणजे आता तुला संडास लागणार नाही?" रिकामी करायला लागतो, मी म्हणाले. "मग मी विचारतच जाते," ती म्हणाली.

ज्यांना नुकतंच निदान सांगितलं आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. कामावर एका तरी माणसाला खरं सांगून ठेवा. एकच पुरतो, पण हवा. दुसरं, अभ्यासाचा कागद पुढे आला तर मी विचारले नाहीत ते प्रश्न विचारा: गुण नाही आला तर काय, बिघडलं तर कुणाला फोन करायचा, मुंबईला पोचेपर्यंत कोण बघणार. मी फक्त गुण येण्याबद्दल विचारलं होतं. आणि हो, मी परत सड्यावर जाते. पिशवीला लगेच आडोसा लागत नाही. मे महिन्यात घामाने चकती सुटते, कातडी सोलवटते, चार दिवस घरी बसावं लागतं. पण जाते.

कोणती कुणाला

ऑपरेशननंतर माझं मागणं उलटं झालं होतं. आता मला वाटायचं की मी खऱ्या गोळीवरच होते असं निघावं. कारण साखरेवर असेन, तर खऱ्या गोळीने माझं आतडं वाचलं असतं. तो विचार मला सहन होत नव्हता. प्रकाशला मात्र तोच हवा होता. त्याने वकिलाशी बोलून ठेवलं होतं. अभ्यास कधी संपतो आणि माझ्या नावापुढे साखर कधी निघते याची तो वाट बघत होता. त्याच्या रागाला एक जागा होती. मला वाटतं, त्यावरच तो उभा होता.

वर्षाने नेहाचा फोन आला. अभ्यास संपला, बंद पाकिटं उघडली. प्रकाश शेजारीच होता, मी आवाज मोठा केला.

"सुजाताताई, तुम्ही खऱ्या औषधावर होतात."

ती पुढे बोलत राहिली. औषधाने बऱ्याच जणांना गुण आला आहे, सगळ्यांना नाही, कुणाला येत नाही हे शोधायलाच तुमच्यासारख्यांचे तुकडे तपासताहेत. प्रकाशने फोनकडे बघत विचारलं, "मग चूक कोणाची?"

ती म्हणाली, "कोणाचीच नाही, दादा."

तो उठला, अंगणात गेला आणि खोलून ठेवलेल्या इंजिनासमोर बसला. कितीतरी वेळ. हातात काही हत्यार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने वकिलाला नाही म्हणून कळवलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही थोडं. पण माझ्या नवऱ्याजवळची शेवटची गोष्ट कुणीतरी काढून नेली असंही वाटलं.

फोनच्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी शबाना आली. तिलाही फोन आला होता. ती ओटीवर बसली, पाणी प्यायली नाही. म्हणाली, "माझी साखरेची होती."

मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"सव्वा वर्ष मी बरी आहे. कशाने बरी आहे मग?"

नेहाने तिला सांगितलं होतं की असं होतं, आजार स्वतःहून झोपतो, तुमचं बरं होणं खोटं नाही. आणि तुम्ही साखरेवर होतात म्हणूनच खऱ्या गोळीची किंमत कळली. शबानाला त्यातलं एकच कळलं होतं: तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. ज्याला ती औषध समजत होती ते औषध नव्हतं, म्हणजे उद्या आजार उठला तर थांबवणार कोण? मला तिची कीव यायला हवी होती. मला आतल्या आत ओरडावंसं वाटत होतं, की खरी गोळी माझ्या पोटात गेली आणि गुण तुझ्या पोटाला आला, आणि रडते आहेस तू. मी चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. ती लवकर उठली.

पुढचे सहा महिने आम्ही एकमेकींना फोन केला नाही.

गेल्या महिन्यात

गेल्या महिन्यात एका दुपारी ती न सांगता आली. प्रकाश बंदरावर, मनवा शाळेत, सासूबाई आतल्या खोलीत पडलेल्या. ती दारातच म्हणाली, "परत रक्त दिसलं."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. ते काय होतं हे लिहायला माझ्याकडे शब्द आहे, पण तो मी लिहीत नाही. तुम्हाला कळेल. ते क्षणभरच होतं. मग मी तिला आत घेतलं आणि दार लावलं.

ती म्हणाली, "मला दाखव."

घरच्या तिघांशिवाय कुणाला मी ते दाखवलेलं नव्हतं. मी कुर्ता वर केला, पिशवीवरचं कापडी आवरण सोडलं. तेवढ्यात तो गोळा हलला, नेहमीसारखा. शबाना खाली वाकून बघत राहिली. दुखतं का, तिने विचारलं. तिथे दुखत नाही, मी म्हणाले, तिथे जाणीवच नसते. वास? रिकामी करताना येतो. नवरा? मी म्हणाले, तो बसवून देतो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. माझा कुर्ता तिनेच खाली ओढून सारखा केला.

मग तिने पिशवीतून कागद काढले. नवा अभ्यास, दुसरी गोळी, तेच रुग्णालय. या वेळची पानं जास्त होती. तिला मराठी वाचता येतं, पण छापील सरकारी भाषेत ती अडखळते. म्हणून ती माझ्याकडे आली होती. आम्ही ओटीवर चटई टाकून बसलो आणि मी वाचायला लागले. एकेक ओळ वाचायची, सोप्या शब्दांत सांगायची, ती हं म्हणाली की पुढे. सासूबाई उठून आल्या, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभ्या राहिल्या.

सातव्या पानावर ते आलं. अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी गोळी. मी वाचलं आणि थांबले.

शबाना म्हणाली, "गेल्या वेळी मी दर नमाजात खरी मागितली होती. आता काय मागू? खरी की साखरेची?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"आठवं पान घे," शबानाच म्हणाली. मी आठवं पान घेतलं.